सहावी पिशवी आणण्याआधी हे वाचा

प्रश्न:
ताई, आमचा कुत्रा ब्रुनो तीन वर्षांचा लॅब (लॅब्रेडॉर) आहे, नसबंदी झालेला, वजन २९ किलो. गेले कित्येक महिने त्याचं पोट धड नाही. चार दिवस बरा असतो मग परत पातळ शी, थोडी थोडी, दिवसातून पाच-सहा वेळा, कुंथतो, वर चिकट आव असते आणि एकदोनदा लाल रक्ताचा ठिपका पण दिसला. खातो, खेळतो, वजन कमी झालेलं नाही. कधीकधी सकाळी पिवळं फेसकट ओकतो. आत्तापर्यंत पाच फूड बदलली. चिकनचं, लॅम्बचं, ग्रेन-फ्री, 'सेन्सिटिव्ह' लिहिलेलं, सगळी. प्रत्येक नवीन पिशवीने पहिले आठ-दहा दिवस छान वाटतं आणि मग पुन्हा तेच. डॉक्टर म्हणतात हायड्रोलाइज्ड फूड देऊन बघू, पण ते महाग आहे आणि मागे वाचलं तर नुसता स्टार्च आणि तेल, नवरा म्हणतो ह्यात आहे काय खाण्यासारखं. एका मैत्रिणीने केसांवरून ॲलर्जी सांगणारी ऑनलाईन टेस्ट सुचवली आहे. कुठलं फूड घेऊ ते एकदाचं सांगा.
– वैतागलेली, ब्रुनोची आई

उत्तर:
कुत्र्याच्या शीचं इतकं नीट वर्णन कोणी लिहून पाठवत नाही हो, सगळे 'पोट खराब आहे' एवढंच लिहितात आणि मग मी काय सांगणार. तुमच्या पत्रात अर्धं उत्तर आहेच.

एकदाचं सांगा म्हणालात म्हणून आधी तेच सांगते. डॉक्टरांनी सांगितलंय ते हायड्रोलाइज्डच (प्रोटीन आधीच बारीक तोडलेलं फूड, पुढे सांगते) घ्या. पण ते आणायच्या आधी एक तपासणी आणि आणल्यावर एक कडक पथ्य, ते जमणार नसेल तर ती पिशवी आणूच नका, पैसे जातील आणि काही महिन्यांनी तुम्ही मला हेच पत्र परत लिहाल, फक्त पाचच्या जागी सहा.

आता तपासणीचं. थोडी थोडी, सारखी सारखी, कुंथून, वर आव, ताजं लाल रक्त आणि वजन मात्र जागच्या जागी, हे सगळं मोठ्या आतड्याचं दुखणं दिसतंय. लहान आतडं बिघडलं की वेगळं दिसतं, शी दोन-तीनदाच पण ढीगभर, कुत्रं भरपूर खातंय तरी अंगाला लागत नाही, बरगड्या दिसायला लागतात, रक्त असेल तर ते पचून काळं डांबरासारखं येतं. हा फरक डॉक्टरांना सांगाच, कारण त्याच्यावर पुढचं खाणं ठरतं. आणि मोठ्या आतड्याचा असा येणारा-जाणारा त्रास जंतांनी पण होतो, खास करून व्हिपवर्म, आणि जिआर्डिया. तुम्ही म्हणाल जंताचं औषध तर दर तीन महिन्यांनी देतो. बरोबर आहे, पण जिआर्डिया हा जंतच नाही, एकपेशीय जीव आहे, नेहमीच्या बऱ्याच गोळ्यांनी तो जात नाही, आणि व्हिपवर्मची अंडी रोजच्या शीत सापडतीलच असं नाही त्यामुळे एका सॅम्पलचा रिपोर्ट 'निल' आला म्हणून खूश व्हायचं कारण नाही. वेगवेगळ्या दिवशीची तीन सॅम्पल द्या, ताजी, स्वच्छ डबीत, वरची आव असलेला भाग पण त्यात येऊ दे, आणि जिआर्डियाची वेगळी टेस्ट करायला सांगा. इतकी फूड बदलून झाल्यावर पण ही टेस्ट झालेली नसेल (पत्रात तरी उल्लेख नाही) तर आजार रेड्याला आणि औषध पखालीला असं चाललंय.

त्याबरोबर डॉक्टरांनी रक्त तपासायचं म्हटलं तर नाही म्हणू नका. ॲडिसन म्हणून हार्मोनचा एक आजार आहे तो अगदी असाच चार दिवस बरं चार दिवस वाईट करत राहतो आणि वर्षभर लोक त्याला 'सेन्सिटिव्ह पोट' समजत बसतात. आणि हे आत्ता ब्रुनोला लागू नाही पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: पिल्लू असेल आणि जुलाब-उलट्या दोन्ही असतील, शी काळी किंवा रक्ताने भरलेली असेल, कुत्रं मलूल पडलं असेल, पाणी पण पोटात ठरत नसेल, किंवा पोट फुगलंय आणि ओकायला बघतंय पण काहीच पडत नाही, तर फूड कुठलं हा प्रश्न नंतर, आधी गाडी काढा. शेवटच्या प्रकारात तर सकाळची वाट बघायची नाही, जठराला पीळ पडलेला असू शकतो, तिथे तासांचा हिशोब असतो.

बरं, आता मला तुमच्या पत्रातलं जे वाक्य सगळ्यात जास्त खटकलं ते म्हणजे 'पहिले आठ-दहा दिवस छान वाटतं'. हे पाचही वेळा झालं म्हणताय. पाच वेगवेगळी फूड, पाचही आधी चालली आणि पाचही नंतर बिघडली? फुडात दोष असता तर पाचातलं एखादं पहिल्याच दिवशी बिघडलं असतं, एखादं टिकलं असतं. मला विचाराल तर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे हा त्रास मुळातच कमी-जास्त होणारा आहे, आपण पिशवी बदलतो कधी, तर जेव्हा सगळ्यात वाईट चाललेलं असतं तेव्हा, आणि त्यानंतर तो तसाही थोडा उतरणारच असतो, मग श्रेय नव्या पिशवीला. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नवीन फूड आणलं की पहिला आठवडा घरातले सगळे शिस्तीत असतात, मोजून घालतात, 'आज त्याला काही देऊ नका हं' असं एकमेकांना सांगतात. आठ दिवसांनी शी घट्ट झाली की बिस्किटं सुरू, ताटातलं सुरू, चघळायची हाडं सुरू. दहाव्या दिवशी पोट बिघडतं आणि नाव पिशवीचं होतं.

पथ्य म्हणतेय ते हेच. पिशवीच्या बाहेरचं सगळं बंद. आणि सगळं म्हणजे खरंच सगळं, नुसती बिस्किटं नाही. गोळी लपवून द्यायला वापरता तो चीजचा तुकडा, कुत्र्यांची चिकन फ्लेवरची टूथपेस्ट, मांसाचा वास लावलेल्या चघळायच्या गोचिडाच्या आणि जंताच्या गोळ्या (डॉक्टरांना विचारून बिनफ्लेवरची किंवा मानेवर लावायची घ्या, बंद मात्र करू नका), रॉहाइड (चघळायचं वाळवलेलं कातडं), डुकराचे वाळवलेले कान, शेजारच्या मांजराच्या वाटीतलं, लहान मूल असेल तर त्याच्या खुर्चीखालचं. बागेत काय उचलतो ते बघा, गरज पडली तर काही दिवस जाळीचा मझल (तोंडाला बांधायची मुसकी) घाला, त्याला सवय लावून. ट्रीट द्यायचीच असेल तर दिवसभराचं फूड सकाळी वजन करून एका डब्यात काढा आणि त्यातल्याच मूठभर दाण्यांचं ट्रीट करा. लॅबला काय, देणाऱ्याच्या हातातून आलं म्हणजे झालं.

आता ते स्टार्च आणि तेल. तुमच्या मिस्टरांना सांगा की ते पिशवी वाचून जिथे नाराज झाले तीच तर त्या फुडाची मेख आहे. अन्नाची ॲलर्जी बहुतेक वेळा प्रोटीनची असते. शरीराची संरक्षण यंत्रणा प्रोटीनचा एक ठराविक लांबीचा, ठराविक आकाराचा तुकडा ओळखते आणि त्याच्यावर तुटून पडते. हायड्रोलाइज्ड म्हणजे ते प्रोटीन एन्झाइमने आधीच इतकं बारीक तोडलेलं की माळ तोडून सुटे मणी केल्यासारखं, मणी तेच आहेत, पोषण तेच आहे, पण ही तीच माळ असं ओळखता येत नाही. मग बाकीच्या भागात पण प्रोटीन शक्य तितकं कमी यावं म्हणून कार्बोहायड्रेट शुद्ध स्टार्चमधून घेतात आणि फॅट तेलातून. म्हणजे ते 'काही नाही' दिसतंय ते मुद्दाम काढून टाकलेलं आहे. दिसायला गरीब आहे, पण हिशोबाने पूर्ण आहार असतो.

शिवाय नुसती ॲलर्जी हाच मुद्दा नाही. असं फूड पचायला पण हलकं असतं, त्यामुळे ॲलर्जी नसलेल्या बऱ्याच कुत्र्यांना पण त्याचा गुण येतो. जुनाट जुलाबांची बरीचशी कुत्री नुसत्या खाण्यातल्या बदलाने सुधारतात, आणि ज्यांचं पोट सुधारणार असतं त्यांच्यात फरक बहुतेक वेळा दोन आठवड्यांत दिसतो. त्वचेची खाज असेल तर आठ आठवडे थांबावं लागतं, ती गोष्ट वेगळी. म्हणजे तुम्हाला कायमचं हे महाग फूड लागणारच असं धरून चालू नका, आधी दोन-तीन आठवड्यांपुरतं आणा, लहान पॅक.

बदलताना पाच ते सात दिवस घ्या. पहिले दोन दिवस पाव हिस्सा नवीन, मग निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. मधेच एखादा दिवस सैल जाईल, त्याला घाबरून परत जुन्यावर जाऊ नका. आणि फ्रीजवर एक कागद लावा, रोज किती वेळा शी, घट्ट की सैल, आव होती का, एवढंच लिहायचं. प्राण्यांचे डॉक्टर १ ते ७ चा एक तक्ता वापरतात, १ म्हणजे दगडासारखी आणि ७ म्हणजे पाणी, २-३ च्या आसपास असेल तर उत्तम, उचलली तर आकार टिकतो आणि खाली डाग राहत नाही. 'बरं वाटतंय' पेक्षा '६ वरून ४ वर आली' हे डॉक्टरांना कळतं. फोटो पण काढून ठेवा, किळस वाटून घेऊ नका.

सुधारला तर पुढची पायरी बहुतेक लोक चढतच नाहीत, म्हणजे मुद्दाम जुनं फूड परत थोडं देऊन बघणं. बिघडलं तर ॲलर्जी किंवा न मानवण्याचा पुरावा मिळाला, नाही बिघडलं तर दोष फुडाचा नव्हताच, बिस्किटांचा होता, आणि तुमचा महिन्याचा खर्च वाचला. मग एकेक प्रोटीन करून बघायचं. कुत्र्यांमध्ये अन्नाची ॲलर्जी सगळ्यात जास्त सापडते ती बीफ, दुधाचे पदार्थ, चिकन आणि गहू ह्यांची, २०१६ साली जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता त्यात हेच चार वर होते.

इथे तुमच्या लॅम्बच्या पिशवीकडे वळते. ती अजून घरात असेल तर उलटी करून बघा. पुढे मोठ्या अक्षरात लॅम्ब, मेंढीचं चित्र. मागे बारीक अक्षरात बहुतेक असं काहीतरी असेल: लॅम्ब, तांदूळ, चिकन मील (सुकवून दळलेलं चिकन), मका, चिकन फॅट, चिकन लिव्हर फ्लेवर. झालं, म्हणजे तुम्ही चिकन बंद करून चिकनच दिलं. वर पहिल्या नंबरचं लॅम्ब पण ताज्या मांसाचं वजन धरून लिहितात, त्यात बराचसा भाग पाणी, ते सुकल्यावर खरं प्रोटीन कदाचित तिसऱ्या नंबरच्या चिकन मीलमधूनच जास्त येत असेल. दुकानात मिळणाऱ्या 'एकच प्रोटीन' लिहिलेल्या फुडांमध्ये सुद्धा लेबलवर नसलेली प्रोटीनं सापडलेली आहेत, एकाच मशीनवर सगळं बनतं ना. रोजच्या खाण्याला चालतील ती, पण परीक्षा घ्यायची असेल तर डॉक्टरांकडचं औषधी फूडच, डॉक्टर त्याचा आग्रह धरतात तो ह्याच्यासाठी.

'सेन्सिटिव्ह', 'प्रीमियम', 'होलिस्टिक' ह्या शब्दांना कायद्यात धड व्याख्या नाही, कोणीही छापू शकतं. पिशवीवर मी बघते ते वेगळंच. हे पूर्ण आहार आहे का पूरक, आणि कुठल्या वयासाठी, हे स्पष्ट लिहिलंय का (एएएफसीओ ह्या अमेरिकेतल्या किंवा फेडियाफ ह्या युरोपातल्या संस्थेचे निकष पाळल्याचं लिहिलेलं असतं, मान्यता वगैरे ह्या संस्था देत नाहीत, तसं कोणी सांगितलं तर दुकानातून निघा). १०० ग्रॅमला किती कॅलरी ते लिहिलंय का. आणि कंपनीला मेल टाकला की रेसिपी कोण बनवतं, आहारतज्ज्ञ आहे का, बॅच कशी तपासता, तर उत्तर येतं का. ज्यांच्याकडे उत्तर असतं ते देतात.

फॅटच्या आकड्याने मात्र फसू नका. वेट म्हणजे ओल्या फुडाच्या डब्यावर फॅट ५ टक्के आणि ड्राय फुडावर १४ टक्के, म्हणून लोक वेटला हलकं समजतात. पण डब्यात ७८ टक्के पाणी आहे, उरलं २२, त्यातलं ५ म्हणजे जवळजवळ २३ टक्के. ड्रायमध्ये पाणी १० टक्के धरलं तर १४ भागिले ९०, साडेपंधरा. हलकं कुठलं ते बघा आता. ब्रुनोच्या प्रकारात फॅटपेक्षा फायबर जास्त कामाचं, मोठ्या आतड्याला विरघळणारं फायबर बऱ्याचदा मानवतं, म्हणून हायड्रोलाइज्डने अर्धवटच फरक पडला तर डॉक्टरांशी जास्त फायबरचं फूड किंवा त्यातच इसबगोल घालायचं ह्यावर बोला, प्रमाण त्यांच्याकडून घ्या, आणि इसबगोलबरोबर पाणी भरपूर.

किती घालता हे पत्रात लिहिलेलं नाही आणि मला तिथे पण शंका आहे. नुसतं जास्त खाल्ल्याने शी सैल होते हो. कप बाजूला ठेवा आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. २९ किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला साधारण ८७५ कॅलरी लागतात, नसबंदी झालेल्या, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला त्याच्या १.४ ते १.६ पट, म्हणजे १२२५ ते १४००. फुडात १०० ग्रॅमला ३७० कॅलरी असतील तर दिवसाला ३३० ते ३८० ग्रॅम, आणि ट्रीट धरून. तिथून सुरुवात करा आणि वजन बघून कमी-जास्त करा. तो अजून मागेल, मागणारच. लॅबमधल्या जवळपास चौघांपैकी एकात पीओएमसी नावाच्या जीनमध्ये बिघाड असतो ज्याने भूक जास्त लागते, हे २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलंय, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवू नका.

ग्रेन-फ्री चाललं नाही ह्याचं मला नवल नाही, धान्याची ॲलर्जी मांसाच्या मानाने कमीच असते. वर २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा काही फुडांचा आणि हृदयाच्या एका आजाराचा संबंध आहे का ह्याची चौकशी सुरू केली होती, नक्की कारण सिद्ध झालं नाही, पण उगाच कशाला.

केसांची टेस्ट, नको. २०१९ च्या एका अभ्यासात केस आणि लाळ तपासणाऱ्या अशा टेस्टला खऱ्या कुत्र्यांच्या सॅम्पलबरोबर खेळण्याची सिंथेटिक फर पण पाठवली होती आणि त्या फरला पण ॲलर्ज्या निघाल्या. ते पैसे हायड्रोलाइज्डच्या पिशवीत घाला.

घरचं शिजवून का देत नाही असं तुम्हाला कोणीतरी म्हणेलच. मीठ-कांदा-लसूण काही न घालता उकडलेलं बिनचरबीचं चिकन आणि मऊ भात, हे पोट अचानक बिघडलं तर तीन-चार दिवस ठीक आहे, पण ब्रुनोला आत्ता तेही नको कारण चिकनवरच संशय आहे. आणि महिनोन्महिने तर नकोच, कॅल्शियमपासून बरंच काही त्यात नसतं. २०१३ मध्ये अमेरिकेत पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या २०० घरगुती रेसिपी तपासल्या तर ९५ टक्के रेसिपींमध्ये निदान एक तरी आवश्यक घटक कमी होता. करायचंच असेल तर प्राण्यांच्या आहारतज्ज्ञाकडून बनवून घ्या आणि मग त्यातलं काही बदलू नका. कच्चं मांस अजिबात नको, आधीच सुजलेल्या आतड्यात साल्मोनेलासारखे जंतू कशाला.

आणि कपाटात जुलाबाच्या उरलेल्या गोळ्या असतील तर तशाच राहू द्या. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक मनाने सुरू केलं की दोन दिवस बरं वाटतं आणि आतड्यातले चांगले जंतू पण साफ होतात. माणसांची लोपेरामाइड तर काही कुत्र्यांना, कॉली जातीत खास करून, विषारी ठरते.

राहिली सकाळची पिवळी उलटी. रात्री सात-आठला जेवला आणि सकाळी आठपर्यंत पोट रिकामं असेल तर पित्त उलटं जठरात येतं आणि तो फेस बाहेर पडतो. त्याच्या त्या मोजलेल्या डब्यातलं थोडं फूड राखून झोपायच्या आधी द्या, वेगळं काही नाही. आठवडाभरात थांबली तर तेवढंच होतं. नाही थांबली, किंवा दिवसा पण ओकायला लागला, तर फ्रीजवरच्या कागदावर तेही लिहा आणि सॅम्पल द्यायला जाल तेव्हा तो कागद बरोबर न्या.